आंधी ठोकू, का मांगून?

माझ्या टेबलाच्या खणात, कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, खोकल्याच्या गोळ्यांची एक रिकामी पत्र्याची डबी होती. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचे दोन चौकोनी तुकडे होते, नखाएवढे. एका अंगाने आरशासारखे गुळगुळीत. दुसऱ्या अंगावर, दोन्हींच्या, नंबर पंचने ठोकलेला सातचा आकडा. बारा वर्षे ती डबी मी फेकली नाही आणि उघडलीही नाही. खण आवरताना तिला हात लागला, की मी ती जागच्या जागी सरकवून ठेवत असे. गेल्या महिन्यात ती प्रथमच खिशात घालून घराबाहेर नेली, आणि परत आणली नाही. त्याची हकीकत लिहायची आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. वय पंचावन्न. राहणे वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला, महाविद्यालय तालुक्याच्या पलीकडे. रोजचे जाणे-येणे मोटरसायकलने. आमच्या वस्तीत माझ्या आधी कोणी पदवीपुढे शिकलेले नव्हते. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा ती माझी एकट्याची गोष्ट राहिली नाही. विहारात भेटणारा प्रत्येक माणूस विचारी, "कवा होऊन राह्यले डाक्टर?" हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबबी मी पुष्कळ काळ वापरून पाहिल्या. त्यांतली एकही शेवटपर्यंत टिकली नाही.

विषय होता मिश्रधातूंच्या पोटात दडलेल्या सूक्ष्म कणांचा, आणि ते शोधायचे साधन पॉझिट्रॉन. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच जुळा, फक्त भार उलटा. एका किरणोत्सारी सोडियममधून तो बाहेर पडतो. धातूत शिरताच त्याचा वेग मावळतो, मग तो अणूंच्या रांगांतून भटकत राहतो आणि एखादा इलेक्ट्रॉन गाठला की दोघेही नाहीसे होतात. जन्माची खबर एक किरण देतो, मरणाची दुसरा. मधले आयुष्य मोजायचे. शुद्ध, निर्दोष अ‍ॅल्युमिनियममध्ये ते एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा सहावा हिस्सा भरते. पण रांगेत एखाद्या अणूची जागा रिकामी असेल, तर पॉझिट्रॉन तिथे अडकतो, आणि तिथे इलेक्ट्रॉन विरळ असल्यामुळे थोडा अधिक जगतो. त्या अधिक जगण्यावरून आपल्याला कळते, की धातूच्या आत कुठेतरी काहीतरी आहे.

अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून ते भट्टीत तापवले, की तांबे त्यात साखरेसारखे विरघळते. मग तो तुकडा लालबुंद होण्याच्या अलीकडे बाहेर काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचा. धातू एकाएकी गारठतो. रिकाम्या जागा आतल्या आत कोंडल्या जातात, आणि त्यांच्या आधाराने तांब्याचे अणू हळूहळू एकमेकांजवळ येऊन त्यांचे इवलेसे पुंजके बनतात. धातूला बळ येते ते या पुंजक्यांमुळे. ते इतके लहान असतात, की सुरुवातीच्या काळात साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. पॉझिट्रॉनला सापडतात. तांबे किती कमी असले तरी ते बनतात, हे मला पाहायचे होते.

या पद्धतीचा एक कडक नियम आहे. सोडियमचा स्रोत दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवावा लागतो, जोडलेल्या दोन तळव्यांत एखादी वस्तू धरावी तसा, कारण पॉझिट्रॉन दोन्ही अंगांना निघतात. म्हणून ते दोन तुकडे अगदी एकसारखे हवेत. एकाच पत्र्याचे, एकाच भट्टीतले. जोडी फुटली तर मोजमाप निरर्थक.

या जोड्या मला मिस्त्री तयार करून देत.

मिस्त्री माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. मालेगावात, वाशीम रस्त्याला, त्यांचे लेथ मशीनचे दुकान होते. थ्रेशरचे धुरे, मोटारपंपाचे शाफ्ट, जे मोडेल ते. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या उपकरणाचा स्क्रू कुठेच मिळेना, तेव्हा मी तो त्यांच्याकडे नेला होता. त्यांनी तो चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि म्हणाले, "हे इंग्रजाच्या आट्याचं हाये. त्यानं बनवलं त मी काहून नाही बनवू शकनार?" दुसऱ्या दिवशी तो मूळच्यापेक्षा चांगला बसला. पुढे जवळच्या एका खाजगी तंत्र संस्थेला वर्कशॉप शिकवायला माणूस हवा होता. मिस्त्रींकडे प्रमाणपत्र नव्हते. मी शब्द टाकला आणि त्यांना तात्पुरते घेतले. काम पाहून कायम करायचे ठरले.

ती दोन वर्षे मी त्यांना पाहत होतो. पोरे त्यांना 'सर' म्हणू लागली होती. एकदा मला हळूच सांगितले, "घरी सांगतलं, मले बी आता सर म्हणतात. तं बायको म्हणते, मंग भाकर काय प्लेटीत वाढू?" आणि स्वतःच हसले. शर्ट इस्त्रीचा झाला होता. वर्कशॉपच्या फळ्यावर ते खडूने काढत ते वर्तुळ कंपासाशिवाय पुरे होत असे.

संस्थेत एक चांगली विजेची भट्टी होती. माझ्या मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत, दूरच्या शहरात, भट्टीसाठी रांग असे. म्हणून त्यांच्या परवानगीने धातूचे पत्रे मी इकडे आणत असे, मिस्त्री तुकडे कापत, तापवत, बर्फाच्या पाण्यात टाकत. मग थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात ते तुकडे घालून मी जऊळक्याच्या स्टेशनावरून गाडी पकडत असे. बर्फात ठेवले की आतल्या अणूंची हालचाल मंदावते. एकदा मात्र सगळे फसले. तुकड्यांवर लिहिलेली शाई बर्फाच्या पाण्यात धुऊन गेली आणि बारा तुकड्यांपैकी कोण कोणाच्या जोडीचा, ते ओळखता येईना. त्याआधी रंगाने खूण करून पाहिली होती, ती भट्टीत जळाली होती. म्हणून पुढच्या खेपेला नंबर ठोकायचे, असे मी ठरवले. ठरवले, पण मिस्त्रींना सांगायचे राहिले.

तो उन्हाळ्यातला दिवस होता. दुपारची गाडी. मी शिरपूरला घरी पिशवी भरत होतो, तेव्हा आठवण झाली आणि फोन केला.

"मिस्त्री, तुकड्यांवर नंबर ठोकले का?"

"नाही जी. तुमी सांगतलंच नाही. भट्टीत हायेत सारे."

"अरे देवा. जोड्या पुन्हा मिसळतील."

"सर, असं करू का? बाहेर काढतो, थंडे होऊ देतो, आंधी नंबर ठोकतो, अन् मंग परत टाकतो भट्टीत. आंधी ठोकलेलं भट्टी इसरवते. मांगून ठोकलेलं धातूच्या ध्यानात राह्यते."

"किती वेळ लागेल?"

"चार-पाच घंटे त पकडाच."

"माझी गाडी जाईल."

"मंग उद्या जा. जऊळक्याले काय एकच गाडी येते?"

यंत्रावरचा माझा आठवडा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होत होता. एक दिवस बुडाला असता. त्यापलीकडे काहीही बिघडले नसते. "नको," मी म्हणालो. "काढल्यावर ठोका."

"पक्कं सांगा. आंधी ठोकू, का मांगून? मी दोनदा विचारून राह्यलो, सर."

"मागून," मी म्हणालो.

एवढाच तो शब्द. आमच्याकडे 'आधी'ला 'आंधी' म्हणतात, 'नंतर'ला 'मांगून'. मी शिकलेला माणूस, अनुस्वार टाळून बोललो.

मिस्त्रींनी सांगितले तसे केले, आणि मन लावून केले. गारठवलेल्या मऊ धातूवर आकडा ठोकला की पुढच्या अंगाला फुगवटा येतो. तो त्यांनी लाकडी हातोड्याने बसवला. मग पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरवर घासून आरसा केला. थर्मास माझ्या हातात देताना म्हणाले, "तोंड पाहून घ्या त्याच्यात." मी पाहिले. घाईत होतो तरी पाहिले.

त्यांचा प्रत्येक ठोका आणि प्रत्येक घासणी धातूच्या आत रांगा मोडत गेली होती. मोडलेल्या रांगेतही पॉझिट्रॉन अडकतो. ठोकण्याची ही दुखापत भट्टीत पुसली जाते, भट्टीनंतरची राहते. मिस्त्रींनी फोनवर जे सांगितले, ते मी स्वतः वर्गात शिकवत होतो, फक्त जास्त लांब शब्दांत.

शहरातल्या प्रयोगशाळेत मोजमाप सुरू झाले आणि आकडे अपेक्षेपलीकडचे निघाले. अगदी कमी तांब्याच्या, पुढे माझ्या डबीत राहिलेल्या सात नंबरच्या जोडीतही पॉझिट्रॉन भरपूर जगत होते. सगळे अडकत होते. मी मार्गदर्शकांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. इतक्या थोड्या तांब्यात इतके पुंजके कोणी दाखवले नव्हते. एका परिषदेसाठी निबंध लिहायचे ठरले.

एक नंबरची जोडी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची होती. तांबे नसलेली, तुलनेसाठी. ती सर्वांत आधी मोजायला हवी होती. तिचे आयुष्य पुस्तकात ठाऊक आहे, असे म्हणून मी ती शेवटी ठेवली. आठवड्याच्या शेवटच्या दुपारी ती लावली, आणि तासाभरात दिसू लागले, की तिच्यातही पॉझिट्रॉन तितकेच जगत आहेत. ज्यात तांबेच नाही, त्यात तांब्याचे पुंजके कुठून असणार? मी यंत्र बंद केले. वहीत लिहिले : 'वीजपुरवठा अस्थिर. मोजमाप अपूर्ण.' त्या दुपारी वीज अगदी व्यवस्थित होती. खोलीत पंखा फिरत होता, त्याचा वारा माझ्या वहीचे पान हलवत होता, आणि ते पान दाबून धरून मी ते वाक्य लिहिले.

लोक समजतात की माणूस मोठ्या प्रसंगात घसरतो. माझे घसरणे त्या पानावर झाले, आणि कोणी पाहत नव्हते. पुढचे सगळे फक्त त्याच उतारावर होते.

निबंध स्वीकारला गेला. परिषदेच्या तीन आठवडे आधी मार्गदर्शकांनी एक नंबरची जोडी कपाटातून काढून स्वतः मोजली. मला फोन करून बोलावून घेतले. त्यांच्या टेबलावर ते दोन तुकडे पालथे ठेवले होते, आकड्यांची बाजू वर.

"हे नंबर भट्टीच्या आधी ठोकले की नंतर?" त्यांनी विचारले.

"नंतर."

"तुम्ही सांगितलं होतं?"

इथे मला श्वासभर वेळ मिळाला होता. मी त्या श्वासाकडे अनेकदा परत गेलो आहे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी 'हो' म्हटले असते, तर ते रागावले असते, निबंध मागे घेतला गेला असता, आणि पुन्हा काम करायला लावले असते. प्रत्यक्षात झाले तेही नेमके एवढेच. माझ्या खोट्याने माझे काहीही वाचले नाही.

"नाही," मी म्हणालो. "कारागिराने स्वतःच्या मनाने ठोकले."

त्यांनी हे लेखी मागितले, कारण निबंध मागे घेताना कारण द्यावे लागणार होते. मी लिहिले : 'नमुने तयार करणाऱ्या कारागिराने कोणतीही सूचना नसताना, परस्पर...' परस्पर हा शब्द मला फार योग्य वाटला होता, हे आठवते. भट्टी संस्थेची होती, म्हणून पत्राची एक प्रत संस्थेच्या प्रमुखांना जाणे भाग होते. ती तिकडे पोहोचली, तेव्हा कायम करायच्या माणसांची यादी त्यांच्या टेबलावर होती. त्यांच्या नात्यातल्या एका प्रमाणपत्रवाल्यासाठी ते जागा शोधत होते, असे मी नंतर ऐकले. खरे असेल. पण त्यांना कारण पुरवले ते मी.

मिस्त्री परत वाशीम रस्त्याच्या दुकानात जाऊन बसले. मी तो रस्ता टाळू लागलो. पुढचे नमुने मी शहरातच रांगेत उभा राहून तयार करून घेतले. आधी ठोकून, मग तापवून. पुंजके दिसले, मात्र पुरेसे तांबे असेल तिथेच. प्रबंध खरा आहे. त्यातले सगळे आकडे खरे आहेत. तरी तो मी घरात दर्शनी ठेवत नाही.

पदवी मिळाली तेव्हा विहारात सत्कार झाला. मिस्त्री आले होते. चपला काढतात तिथे, दाराशी उभे होते, हातात गुलाबाची दोन फुले वर्तमानपत्रात गुंडाळलेली. गर्दी सरल्यावर पुढे येऊन म्हणाले, "मुबारक हो, डाक्टर सर." बाकी काही नाही. शेजारच्याने विचारले, "हे कोण?" मी म्हणालो, "ओळखीचे आहेत." ते त्यांनी ऐकले. मला वाटले, त्यांना पत्राचे ठाऊक नसावे. असे वाटणे मला हवे होते, म्हणून मी ते पुढे इतकी वर्षे वाटू दिले.

गेल्या महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिचे उत्तर जुळत नव्हते. "सर, प्रयोग चुकला तर वहीत काय लिहायचं?"

"चुकला, असं लिहायचं," मी म्हणालो.

"मग मार्क?"

"लिहा तुम्ही."

ती लिहू लागली. मला मात्र तिथे उभे राहवेना. त्याच आठवड्यात मालेगावच्या पंक्चरवाल्याकडून कळले, की मिस्त्रींना लकवा मारला आहे. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्या रविवारी सकाळी मी डबी खिशात घातली. बायकोने विचारले, "कुठी चालले?" मी सांगितले. तिला सगळे ठाऊक होते. मीच एकदा सांगितले होते, आणि त्यानंतर तिने तो विषय एकदाही काढला नव्हता. ती एवढेच म्हणाली, "चहा पेऊ नका तिथी. आंधी बोला."

दुकानाचे शटर अर्धे उघडे होते. लेथवर पोते टाकले होते. मागच्या खोलीत मिस्त्री बाजेवर बसले होते, उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कोणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. त्यांच्या पत्नीने मला ओळखले.

"या. बारा सालानं रस्ता सापडला का, सर?"

"भाभी..."

"बसू दे त्यायले," मिस्त्री म्हणाले. शब्द सावकाश येत होते, कडेला घासून. "डाक्टर सर हायेत."

मी बसलो आणि बोललो. फोन, 'मागून', विजेचे खोटे वाक्य, पत्र, सगळे. मध्ये थांबलो नाही. शेवटी म्हणालो, "बारा वर्षं मी हे मनात ठेवलं."

"मनात ठेवलं?" त्यांनी डावा हात हलवला. "मंग मी कुठी ठेवलं असन?"

मी दारातून दिसणाऱ्या लेथवरच्या पोत्याकडे पाहू लागलो.

"मले मालूम होतं. संस्थेच्या त्या साहेबानं मले उभं ठेवून तुमचं पत्र वाचून दाखवलं. सारा स्टाफ बसून होता. मी म्हटलं, साहेब, मले मराठी वाचता येते, द्या इकडं. नाही देल्लं. मी म्हटलं, मी विचारलं होतं, दोनदा विचारलं. त्यो म्हने, लिहून हाये का?" ते थांबले, तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पत्नीने पदराने पुसली. "लिहून त तुमचंच होतं."

"तरी तुम्ही सत्काराला आलात."

"पाह्यले आलतो. तुमी तोंड वर करता का नाही, ते."

मी तेव्हाही केले नव्हते, आणि आताही माझी नजर त्या पोत्यावर होती.

"मला माफ..." मी सुरुवात केली.

"मांगून ठोकून राह्यले, सर," ते म्हणाले. रागाने नाही. एखाद्या शिकाऊ माणसाला चूक दाखवावी तसे. "पुन्हा मांगूनच."

पत्नी चहाचे आधण ठेवून येत होती, ती दारातच उभी राहिली. मग मिस्त्री म्हणाले, "कागद हाये का?"

माझ्या पिशवीत उत्तरपत्रिकांचे कोरे कागद होते. मी पेन काढले.

"लिहा. तवा जसं लिहिलं होतं, तसंच साजरं लिहा."

मी लिहू लागलो. सवयीने हात चालला : 'काही गैरसमजुतीमुळे माझ्याकडून...'

"वाचा."

वाचले.

"गैरसमज कोनाचा झालता?"

"कोणाचाच नाही."

"मंग काहून लिहिता? खोटं लिहा. खोटं सांगतलं, असं."

मी ओळ खोडली. नवा कागद घेतला. 'मी खोटे सांगितले' असे लिहिल्यावर पुढे गेलो : 'नमुने तयार करणाऱ्या कारागिराने मला...'

"कारागीर नाही."

मी वर पाहिले.

"मी तवा तिथी सर होतो," ते म्हणाले. जीभ अडखळली, 'सर' शब्द दोनदा म्हणावा लागला.

मी 'कारागीर' खोडून 'वर्कशॉप प्रशिक्षक' लिहिले. पण खाडाखोड झाली, म्हणून तेही त्यांना चालेना. तिसरा कागद. त्यावर शेवटी असे उतरले : की अमुक नमुन्यांवर भट्टीनंतर नंबर ठोकण्याची सूचना मी फोनवर दिली, की वर्कशॉप प्रशिक्षकांनी आधी ठोकण्याचा योग्य सल्ला मला दिला होता आणि दोनदा विचारले होते, की मला त्यातला धोका ठाऊक असायला हवा होता, की नंतर मी त्यांच्या नावावर खोटे लिहून दिले. खाली सही. त्यांचे पूर्ण नाव लिहिताना मला त्यांच्या पत्नीला विचारावे लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना 'मिस्त्री'च म्हणत आलो होतो.

"कोनाले देता हे?" तिने विचारले. "संस्था त बंद पडली. तिथी सोयाबीनचं गोदाम हाये आता."

"माझ्या मार्गदर्शकांना पाठवतो. विद्यापीठालाही पाठवतो."

"त्यायचं त्यायले पाठवा. यातलं एक आमाले द्या. आमच्या घरात लिहून पाह्यजे."

मी दुसरी प्रत लिहून दिली. तिने ती घडी न घालता लेथच्या कपाटात, मापाच्या पट्ट्यांखाली सपाट ठेवली. चहा मग झालाच नाही. आधण आटून गेले होते आणि कोणी नवे ठेवले नाही.

उठताना मी डबी काढली. बारा वर्षांनी झाकण उघडताना ते गंजून घट्ट बसले होते. तुकडे त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. त्यांनी एक पालथा करून अंगठा आकड्यावरून फिरवला, सावकाश, दोनदा.

"सात," ते म्हणाले. "पाहा, सरळ हाये. एक बी वाकडा नाही ठोकलेला."

"नाही. सगळे सरळ होते."

"मांगून भट्टीत टाकले का कवा हे?"

"नाही. तसेच आहेत."

"मंग हाये त्याच्यात अजून."

"हो," मी म्हणालो. "आहे."

त्यांनी मूठ मिटली. मला वाटले तुकडे परत देतील, दिले नाहीत. रिकामी डबी बाजेवरच ठेवून मी शटरखालून वाकून बाहेर आलो. मोटरसायकल सुरू करताना आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. त्यांचे उत्तर मला कळले नाही.

दोन पत्रे सोमवारी टपालात टाकली. उत्तर अजून आलेले नाही. पदवीचे काय व्हायचे ते होईल. प्रबंध खरा आहे असे मी कोणाला समजावायला गेलो नाही, कारण मला कोणी विचारलेले नाही. टपालाची पोच मात्र रविवारी मालेगावला नेऊन दाखवली. भाभींनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्याच पट्ट्यांखाली ठेवली. मिस्त्री झोपलेले होते. ते जागे होईपर्यंत मला बसायला कोणी सांगितले नाही. मी बाहेर, पोते टाकलेल्या लेथपाशी, उभा राहिलो.